शेजारच्या सीटवर बसणार नाही

गवत पिवळं पडायला लागलं की आमच्या कोसबाडच्या टेकडीचा आवाज बदलतो. पावसाळाभर ते मुकं असतं, पाण्याच्या ओझ्याने मान खाली घालून उभं. आश्विनाचं ऊन तापलं की वाळतं आणि वाळता वाळता कुरकुरायला लागतं. पार्सलचा कागद कुणीतरी सावकाश उलगडत असावं, तसा आवाज. त्याच्याबरोबर वास येतो, थोडा गोड, थोडा धुळकट. आणि वासाबरोबर येतात कुसळं. साडीच्या काठात, चादरीत, उंबऱ्याच्या फटीत, मांजराच्या शेपटीत. आज सकाळी मी ओटीवर वर्तमानपत्र पसरून बसले आणि काठातली कुसळं एकेक उपटून त्यावर ठेवत गेले. खाली रस्त्यावरून गवताने भरलेला यंदाचा पहिला ट्रक गेला. दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला, की चाकं असलेली गंजीच निघालीय असं वाटावं. वळणावर त्याने गिअर बदलला. माझा डावा पाय आपोआप क्लच दाबायला पुढे झाला, आणि मी एकटीच हसले.

रेवा, अनीश, हे तुम्हा दोघांसाठी लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं, तर तिकडे कॅलगरीत शाळेची बस येईपर्यंत तुमचं वाचून झालं असतं. मी जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं, मला ते जड नाही. पण ही गोष्ट पटकन वाचून बाजूला ठेवायची नाही. अडखळत वाचा. कुसळं काढतात तसं, एकेक शब्द.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी जुना गेमिंग डेस्कटॉप बाजूला ठेवला आणि गेमिंग लॅपटॉप घेतला. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "कुणासाठी?" पोस्टातल्या बाईंनी विचारला, किराणावाल्याने विचारला, माझ्याच शाळेत माझ्या हाताखाली शिकून आता तिथेच मुख्याध्यापक झालेल्या गृहस्थांनीही विचारला. चष्मा घेतला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं कुणासाठी. गुडघ्याचा पट्टा घेतला तेव्हाही नाही. म्हातारपणाच्या वस्तू आमच्याच असतात हे सगळ्यांना मान्य आहे. बाकीच्या वस्तू आम्ही फक्त दुसऱ्यांसाठी आणून ठेवतो, अशी समजूत आहे. मी प्रत्येकाला सांगितलं, "माझ्यासाठी." आणि पुढे काही बोलले नाही. समजावून सांगत बसले की वाटतं, आपण परवानगी मागतोय.

तो डेस्कटॉप रेवाचा. तुम्ही परदेशी निघालात तेव्हा विमानात त्याला जागा नव्हती, म्हणून तो माझ्याकडे आला. काळा, उंच, एका बाजूला काच, आणि काचेच्या आत सतत रंग बदलणारे दिवे. शेजारच्या जानकीने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती म्हणाली, "बाई, हा कुठला देव्हारा आणलास?" जानकीचं माहेर रानशेतचं. शाळेच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती होती, वर्गात मी, आता दोघी निवृत्त. ती मला बाई म्हणते आणि अगं-तुगं करते. तिच्या बोलीत 'तुम्ही'ला फारसं काम नाही, आणि मलाही त्यावाचून काही अडलेलं नाही.

मी त्या देव्हाऱ्याला शिवणयंत्राशेजारी जागा दिली आणि कव्हर शिवलं. माझ्या घरात ज्याला बटण आहे त्याला कव्हर आहे. मिक्सरला आहे, रेडिओला आहे, इस्त्रीलासुद्धा आहे. तुम्ही हसता ते मला माहीत आहे. हसा. पण चालू करायच्या आधी कव्हर काढायचं, घडी करायची आणि घडी खुर्चीच्या पाठीवर ठेवायची, हे मी एकदाही चुकले नाही.

मग एका रविवारी अनीश फोनवर म्हणाला, "आजी, आमचा ट्रकचा गेम खेळून बघतेस? सोप्पा आहे. कुणी मरत नाही त्यात." रेवाचं ते टेबलाला घट्ट आवळायचं स्टिअरिंग होतंच, पायाखाली पेडलं होती. मी बसले. किल्ली फिरवल्यासारखा आवाज झाला, समोर काच, काचेपलीकडे रस्ता, आणि रस्ता माझ्याकडे यायला लागला.

तुम्हाला वाटलं असेल, आजीला गंमत वाटली. गंमत नव्हती ती.

तुमच्या आजोबांची जीप होती. शेतकी खात्यातली नोकरी, सगळा तालुका पालथा घालायचे. लग्न झाल्यापासून त्या जीपमध्ये माझी जागा ठरलेली, डावीकडची. झाईच्या किनाऱ्याला गेलो, तलासरीच्या बाजाराला गेलो, चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो, सगळीकडे डावीकडून. एकदा मी म्हटलं, मलाही शिकवा. ते म्हणाले, "तुला कुठे जायचंय ते सांग, मी नेतो की." आणि खरोखर नेलं त्यांनी, कधी नाही म्हटलं नाही. चांगला माणूस होता. पण त्यांचा एक नियम होता: शेजारच्या सीटवरच्या माणसाने पाणी द्यायचं, चिकू सोलून द्यायचा, आणि रस्ता कसा आहे त्यावर बोलायचं नाही. मी तो नियम इतकी वर्षं पाळला की खड्डा दिसला तरी माझा नुसता पाय दाबला जायचा. जीपच्या डाव्या बाजूच्या पत्र्यावर माझ्या चपलेने तिथला रंग गेला होता. ब्रेक नसलेल्या जागी मी जन्मभर ब्रेक दाबला.

म्हणून त्या रविवारी पेडल दाबल्यावर खरोखर काहीतरी थांबलं, तेव्हा मला हसू नाही आलं. मी परत दाबून पाहिलं. परत थांबलं.

मग आपला रविवार ठरला. तुमचा शनिवार मावळायचा, माझी रविवारची न्याहारी व्हायची, आणि आपण निघायचो. पुढे अनीश, मागे रेवा, मधे मी. जानकी चहाचा पेला घेऊन स्टुलावर बसायची आणि माझ्या चुका मोठ्याने सांगायची. "बाई, खांब! खांब! गेला खांब." तिला कुठलाच नियम लागू नव्हता. मी आल्प्सच्या घाटातून लाकडं नेली, पोर्तुगालच्या किनाऱ्याने मासळी नेली. बंदरावर ट्रक उलटा लावायला मी अख्खा चातुर्मास शिकत होते. ज्या दिवशी पहिल्या खेपेत लागला त्या दिवशी अनीश इतका ओरडला की तिकडे तुमची आई धावत आली. आपण काय बोलायचो त्या वेळी? काही विशेष नाही. "आजी, डावीकडे धर." "रेवा, तुझं ते केमिस्ट्रीचं काय झालं?" "पुढे डिझेल घेऊ." फोनवर तुम्ही माझ्याशी कधी असं बोलला नाहीत. फोनवर तुम्ही बऱ्या असलेल्या माणसाला 'बरी आहेस ना' विचारता. एकमेकांकडे बघत बसलं की बोलणं संपतं. दोघं एकाच दिशेला बघत असले की ते आपोआप निघतं, हे मला जीपमध्येच कळलं होतं.

गेल्या वर्षी भाद्रपदात डेस्कटॉप थकला. आधी आवाज वाढला, भाताच्या गिरणीसारखा. मग रस्त्याकडेची झाडं उशिरा उगवायला लागली. मी पुढे जायची आणि मागून एकदम जंगल उभं राहायचं. मग स्टिअरिंग वळवलं की ट्रक जरा विचार करून वळू लागला. त्या विचारात मी दोन कठडे आणि एक दुधाचा टँकर पाडला. तुम्ही पुढे जाऊन रस्त्याच्या कडेला थांबायचात, पिवळे दिवे लुकलुकत ठेवून, माझी वाट बघत. एकदाही 'किती वेळ' म्हणाला नाहीत. तुमच्या त्या न म्हणण्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. शेवटी पडदा निळा पडायचा आणि मी परत माझ्या मधल्या खोलीत यायची, बाहेर चिकूची बाग, हातात स्थिर स्टिअरिंग.

त्यातच गेमचं नवं अपडेट आलं, नवे देश, नवे रस्ते. माझ्या यंत्राने ते घ्यायला साफ नकार दिला.

तेव्हा रेवा, तू म्हणालीस, "आजी, तू माझ्या ट्रकमध्ये बस ना. मी स्क्रीन शेअर करते. तुला सगळं दिसेल."

मायेनेच म्हणालीस. मी बसले. नवा रस्ता सुंदर होता. तळी होती, बर्फाचे डोंगर होते, तू हळू चालवत होतीस, मला नीट दिसावं म्हणून. माझे हात मांडीवर होते. जानकी स्टुलावरून खाली वाकून बघायला लागली.

"बाई, तुजा पाय कं दाबतेस?"

मी खाली बघितलं. उजवा पाय फरशीवर गच्च रोवलेला. पेडलं बाजूला भिंतीशी होती.

त्या दिवशी मी ठरवलं. आजोबांच्या शेजारी बसले ते बसले. आता कुणाच्याही शेजारी नाही. नातीच्यासुद्धा.

डहाणूहून दुरुस्तीचे गृहस्थ आले. त्यांनी काच काढली. आत मागच्या मोसमातली कुसळं पंख्यांत गुंतून त्यांची पिवळी वेणी झाली होती. एका कोपऱ्यात पालीची दोन अंडी, रिकामी. कडांवर खाऱ्या वाऱ्याचा गंज. समुद्र इथून दिसत नाही, पण त्याला आमची घरं दिसतात. त्यांनी सगळं झाडलं, पुसलं, लावून बघितलं. पडदा निळाच.

"आजी, याचे पार्ट आता मिळणं कठीण. आणि हा कापडी झगा कशाला घालता याला?"

"बंद असताना घालते."

"मग हरकत नाही. पण तुमच्या कामाला एवढं मोठं मशीन कशाला? साधं घ्या. ईमेल, फोटो, सगळं होतं."

"माझं काम ट्रक चालवायचं आहे," मी म्हटलं.

त्यांनी जानकीकडे पाहिलं. जानकी म्हणाली, "खरा सांगते ती. पण खांब लई पाडते."

मग तुमच्या बाबांचा फोन. मंदार माझा मुलगा आहे आणि गुणी आहे, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला चिडवाल.

"आई, मी तुला टॅबलेट पाठवतो. मोठा पडदा, हलका, अंथरुणात पडून वापरता येतो."

"मी अंथरुणात कधी पडलेय?"

"तसं नाही गं. आम्ही रोज दिसू तुला. वाचता येईल. भजनं ऐकता येतील."

"मी भजनं ऐकते असं तुला कुणी सांगितलं?"

तो हसला, मग गंभीर झाला. "आई, गेमिंग लॅपटॉप हा पोरांचा प्रकार आहे. तुझी मान, तुझे डोळे. आणि उगाच मोठी वस्तू घेऊन ठेवायची कशाला, या वयात? मुलांना तुला बघायचंय, तुला त्यांना बघायचंय, बस."

"मला त्यांना बघायचं नाहीये मंदार," मी म्हटलं. "मला त्यांच्याबरोबर जायचंय."

तो जरा हळू आवाजात म्हणाला, "पण तू जातेसच कुठे आई? खुर्चीतच असतेस ना?"

याला मी त्या वेळी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर वापीच्या दुकानात होतं आणि मला बस पकडायची होती.

पण तुम्हाला एक सांगते. म्हातारं झालं की लोक आपल्याला फक्त दाखवायला लागतात. बघा आजी, लग्नाचा अल्बम. बघा आजी, बाळ रांगतंय. बघा आजी, आमचं नवं घर. आपण बघायचं आणि छान म्हणायचं. सगळं जग प्रेमाने समोर आणून धरतात आणि हात लावू देत नाहीत, काचेच्या कपाटातल्या भांड्यांसारखं. त्यांचं प्रेम खोटं नसतं. म्हणूनच त्याला नाही म्हणायला जोर लागतो. रागावलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं आहे, काळजी करणाऱ्याला नाही म्हणून बघा.

लॅपटॉपच का, डेस्कटॉप का नाही, असं अनीशने विचारलं होतं. कारण आमच्याकडे वीज रविवार बघून जात नाही, पण रविवारीही जाते. डेस्कटॉपचा तो बॅटरीचा डबा अशा वेळी पिल्लू हरवलेल्या टिटवीसारखा ओरडायचा आणि मला कसंबसं बंद करायला वेळ मिळायचा. लॅपटॉप निदान मालाची ती खेप पोचवू देतो. बॅटरीवर जरा मंद पडतो, हे मला माहीत आहे. तापतोही. मीही उन्हाळ्यात तापते आणि मंद पडते, पण खेप अर्धी सोडत नाही.

झरीवरून तलासरीला एसटीने, तिथून हायवेने वापीला. जानकी बरोबर आली, तिला वापीत पातेलं घ्यायचं होतं. मी कापडी पिशवीत स्टिअरिंग घेतलं होतं. न चालवून बघता मी साडीसुद्धा घेत नाही, म्हणजे पिळून, झटकून बघते, मग हे तर यंत्र. कंडक्टरने पिशवीतून डोकावणारं चाक पाहिलं.

"आजी, बाकीची गाडी कुठं राहिली?"

"आणायलाच निघालेय," मी म्हटलं. अख्खी बस हसली.

तलासरीला हायवेवर उतरलो. समोरून ट्रक चालले होते, गुजरातचे, राजस्थानचे, कुठले कुठले. इतकी वर्षं मी या रस्त्याला नाकाला पदर लावून उभी राहत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या चाकांच्या जोड्या मोजल्याशिवाय ओळखल्या, कोण भरलेला आहे, कोण रिकामा, कोण वळणाआधी उशिरा ब्रेक मारतो. एक मोठा ट्रक चहाच्या टपरीशेजारी उलटा लावत होता. दोनदा चुकला. मी जानकीला म्हटलं, "चाक उलट्या बाजूला वळवायला हवं होतं त्याने." ती म्हणाली, "जा, सांग त्याला." मी गेले नाही. पण माझ्या मनात आलं होतं, आणि ते मनात येणं मला आवडलं.

वापीच्या दुकानात थंडगार एसी, काचेवर काच. दुकानदार गुजराती, गोड बोलणारे.

"आवो माजी. कोना माटे जोईए? पौत्र माटे?" कुणासाठी हवाय, नातवासाठी ना, असं.

"मारा माटे," मी म्हटलं.

ते जानकीकडे वळले. का कोण जाणे, सगळे जानकीकडेच वळतात. जानकी आपलं नवं पातेलं मांडीवर धरून म्हणाली, "तिच्यासाठीच. मला चालवायला देत पण नाय."

मग मी त्यांना एकेक विचारलं. ग्राफिक्स कार्ड कुठलं, मेमरी पुढे वाढवता येईल का, पंखे हवा कुठून घेतात आणि कुठे टाकतात, जाळी उघडून साफ करता येते का. कुसळांचं गाव आहे आमचं. ते आधी मला 'माजी' म्हणत होते, हळूहळू 'मॅडम' म्हणायला लागले. मी पिशवीतून स्टिअरिंग काढलं आणि टेबलाच्या काठाला आवळलं. दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. दुकानदारांनी एक ट्रकचा गेम लावून दिला. मी निघाले. झाडं वेळेवर उगवत होती. पानं वेगवेगळी दिसत होती. पाऊस होता त्या रस्त्यावर, आणि वायपर फिरला की काच खरोखर स्वच्छ व्हायची. मागून कुणीतरी म्हणालं, "दादी सरस चलावे छे." जानकीने मान वळवून त्याला सांगितलं, "खांब येऊ दे, मग बोल."

खांब आला. मी तो पाडला नाही.

पैसे माझ्या पेन्शनचे होते, तेव्हा तो विषय तिथेच संपला. घरी आल्यावर जानकीने खोका उघडला. "एवढासा? ही तर पाटी झाली. जुना कसा, देव्हारा होता." चार्जर हातात घेऊन मात्र म्हणाली, "हा जड हाय, ही वीट कुठं लावायची?" मला तो काळा, चपटा, काहीसा उद्धट दिसणारा प्राणी आवडला. झाकण उघडलं की कळांखाली निळा उजेड पसरतो. गेम उतरवून घ्यायला आमच्या इंटरनेटने सबंध दिवस खाल्ला, आणि तो दिवस अष्टमीचा होता.

इथे खरी अडचण आली. आमच्या घरची रीत तुम्हाला आठवत असेल, लहान होतात तेव्हा झेंडूची फुलं तुम्हीच ओवायचात. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं, यंत्रं पूजेत. अष्टमीच्या संध्याकाळीच ती धुऊन पुसून पाटावर मांडायची, आणि एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला ती विश्रांती. आजोबांची जीपही त्या दिवशी हलायची नाही, मग साहेबाचा निरोप येवो. जानकीचे गवत कापायचे विळेही आमच्याच पाटावर येतात. विळ्यांना विश्रांती देऊन मगच तिच्याकडे गवताला हात घालतात.

आणि गेल्या वर्षी नवमी रविवारी आली.

जानकीने पाट मांडला. कोयता, विळे, कात्री, शिवणयंत्राचं चाक, आजोबांच्या जीपची किल्ली, जी अजून आहे. मग तिने लॅपटॉप उचलला आणि कुंकवाची वाटी घेतली.

"थांब," मी म्हटलं.

"कं? यंत्र हाय ना? मांडला नाय तर देव कोपेल."

"आणि मांडला तर उद्या मुलं रस्त्यावर उभी राहतील. दिवे लावून."

"मंग पुढल्या रविवारी जा. रीत ती रीत."

मी स्वतःच ही रीत इतकी वर्षं सांभाळली होती. मोडायला लोक फार शूर असतात, पण मला घडी विस्कटलेली आवडत नाही, कपड्याची असो की सणाची. आणि पुढच्या रविवारी गेले असते तर मंदार म्हणाला असता, बघ, एवढी घाई नव्हतीच. रेवा, तू पुन्हा म्हणाली असतीस, या वेळेपुरती माझ्याकडे बस. शेजारच्या सीटची सवय अशीच लागते, या वेळेपुरती.

मी त्या पाटाकडे बघत राहिले. किल्ली, विळे, कात्री. प्रत्येक वस्तू झिजलेली. विळ्याच्या मुठीवर जानकीच्या बोटांचे खळगे होते. तेव्हा मला दिसलं, की माझ्यासमोर अडचण नव्हतीच.

"जानकी, या नव्याने काय केलंय आजवर?"

"काय करंल? आत्ता तर आला."

"मग विश्रांती कसली मागतो? त्या जुन्याला आण. तो दमलाय. पाटावर तो बसेल. पूजा कमवावी लागते. याने आधी खेप पोचवायची, मग हार मागायचा."

जानकी कमरेवर हात ठेवून विचार करत उभी राहिली. तिला पटलेलं दिसत होतं आणि पटलंय असं म्हणायचं नव्हतं. शेवटी म्हणाली, "देव्हारा जड हाय. एक बाजू तू धर."

आम्ही दोघींनी तो काळा कॅबिनेट उचलून पाटावर ठेवला. मी त्याचं कव्हर काढलं, घडी केली आणि त्याच्याखाली अंथरलं. जानकीने काचेवर कुंकू लावलं. झेंडूचा सगळ्यात जाड हार त्याला मिळाला. आत दिवे लागत नव्हते, पण झेंडू पुरेसा उजळ होता.

सकाळी टेबलाला स्टिअरिंग आवळलं. पाटावर फुलं, समईचा वास, दारातून गवताचा वास, आणि कानावर तुमचे आवाज. तुमच्यामागे कुणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आजी, बाबापण आहे इथे," अनीश म्हणाला. "त्याला बघायचंय."

"बघू दे. मी आज पुढे आहे."

"पुढे? आजी, रस्ता नवीन आहे, तुला माहीत नाही तो."

"तुलाही पहिल्या दिवशी माहीत नव्हता."

आणि मी निघाले. तीच तळी, तेच बर्फाचे डोंगर, जे मी रेवाच्या खांद्यावरून बघितले होते. आता ते माझ्या काचेत होते. उतारावर मी गिअर खाली घेतला. पंख्यांचा आवाज वाढला, पण तो धाप लागल्याचा आवाज नव्हता. आरशात तुम्ही दोघं मागून येताना दिसत होतात, दिवे लावून. मी तुमच्यासाठी थांबत नव्हते आणि तुम्ही माझ्यासाठी थांबत नव्हतात.

बऱ्याच वेळाने मंदारचा आवाज आला. बदललेला. "आई... तू खरंच चालवतेस गं."

"मग तुला काय वाटलं, खुर्चीत बसलेय?"

तो हसला. मग लहानपणी आजोबांच्या जीपकडे धावताना विचारायचा, अगदी तसंच त्याने विचारलं, "मी बसू का तुझ्याशेजारी? तुझी स्क्रीन शेअर कर ना."

जानकीने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रक कडेला घेतला, पिवळे दिवे लावले आणि त्याला बसू दिलं.

"नियम माहीत आहे ना?" मी विचारलं.

"पाणी द्यायचं, चिकू सोलायचा, रस्त्याबद्दल बोलायचं नाही."

"पहिले दोन तुला तिथून जमणार नाहीत. तिसरा पाळ."

त्याने पाळला. एका खांबापाशी त्याने श्वास रोखलेला मला ऐकू आला, आणि मला नक्की माहीत आहे, कॅलगरीत त्या वेळी त्याचा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला असणार.

ते सगळं आज कुसळं वेचताना आठवलं. जुना अजून मधल्या खोलीत आहे, पुन्हा कव्हर घालून. भंगारवाल्याला मी दोनदा परत पाठवलं. नवा एका वर्षात नवा राहिलेला नाही. कडेचा रंग जरा गेलाय, जाळीत कुसळं सापडतात, ती मी दर महिन्याला ब्रशने काढते. त्यालाही कव्हर आहे, पंख्यांच्या जागी जाळीचं कापड लावलेलं, हसायचं असेल तर हसा.

मघाशी जानकी विळे घेऊन आली, धार लावायला. म्हणाली, "बाई, औंदा याला मांडायचा कं?"

"मांडायचा. कमावलंय त्याने."

यंदा नवमी रविवारी नाही, मी बघून ठेवलंय. तेव्हा एक दिवस तो हार घालून बसेल, आणि रविवारी आपण निघू. अनीश म्हणतो की या वेळचा घाट अवघड आहे, बर्फ आहे, कठडे नाहीत, आजीने मधे राहावं. अनीशला हे वाचून दाखव रेवा, त्याला जोडाक्षरं जड जातात.

पुढे मी असेन. अंतर ठेवून या.